परब, ग. यांचा सत्कार

शालिवाहन शके १९४६, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, गुरुवार. समय, पहिला चहा संपून दुसरा मागण्याचे धैर्य गोळा करण्याचा. स्थळ, तालुका मालवण, मौजे देवबाग, जेथे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये माणसांना भांडण्यापुरती वाळू उरली आहे. या सुमुहूर्तावर निवृत्त प्राध्यापक वामनराव चिंदरकर यांनी पडवीत बसून लॅपटॉपला उद्देशून 'आपण' असे संबोधन वापरले, आणि लॅपटॉपने त्यांना 'तू' म्हटले.

न्याय करायचा तर दोष लॅपटॉपचा नव्हता. शेजारच्या सुदेशने आदल्या दिवशी त्यावर जे सॉफ्टवेअर बसवून दिले होते, त्याचे मराठीकरण कोणा घाईत असलेल्या गृहस्थाने केले असावे. 'फाइल निवड', 'पुढे जा', 'पुन्हा प्रयत्न कर' अशा एकेरी आज्ञा पडद्यावर उमटत होत्या. वामनरावांनी उभी हयात महाविद्यालयात मराठी शिकवली होती. त्यांची वाक्ये लांब असत, परंतु त्यांतले क्रियापद हरवल्याचे आजवर कोणीही सिद्ध करू शकलेले नव्हते. सुदेशच्या होमस्टेच्या पाटीवरचा 'घरगूती' त्यांनी स्वतः स्टूल नेऊन, चुन्याचे बोट फिरवून ऱ्हस्व केला होता. आणि एका भाचीच्या लग्नपत्रिकेतील अशुद्धे लाल शाईने दुरुस्त करून ती आहेराबरोबर परत दिली होती, त्यास्तव त्या घरची छापील पत्रिका पुढे कधी त्यांच्या हाती पडली नाही. अशा माणसाला यंत्राने 'पुन्हा प्रयत्न कर' म्हणावे, हा काळाचा महिमा.

हे सारे ओढवले होते एका निबंधापायी. विषय होता 'रापण' या शब्दाची व्युत्पत्ती. समुद्रात लांबलचक जाळे टाकायचे आणि अख्ख्या वाडीने किनाऱ्यावर उभे राहून ते दोन्ही टोकांनी ओढायचे, याला रापण म्हणतात, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण हा शब्द आला कोठून, यावर वामनरावांखेरीज कोणाची झोप उडालेली नव्हती. सिंधुदुर्गनगरीत एक चर्चासत्र भरायचे होते आणि तेथे स्वीकारलेले निबंध ग्रंथरूपाने निघायचे होते. त्या ग्रंथात नाव छापून येणे ही वामनरावांच्या दृष्टीने साधी बाब नव्हती. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात त्यांच्या नावापुढे, 'प्रकाशने' या रकान्यात, निवृत्तीपर्यंत एकच शब्द येत राहिला: निरंक. आणि तो शब्द दरवर्षी शुद्ध छापलेला असल्यामुळे त्यांना हरकतही घेता येत नसे.

संपादकांचा मेल आला. निबंध स्वीकारार्ह आहे. मात्र संदर्भसूची संदर्भ-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधून विहित नमुन्यात काढून पाठवावी, हाताने केलेली सूची ग्राह्य धरली जाणार नाही. वामनरावांनी सविस्तर उत्तर लिहिले. ज्याने ग्रंथ वाचला त्यानेच त्याचे नाव लिहावे, हा विद्येचा शिष्टाचार कसा आहे, हे त्यांनी सप्रमाण मांडले. संपादकांनी उत्तरादाखल पहिल्या मेलमधील तेच वाक्य जसेच्या तसे उचलून पुन्हा पाठवले. वामनरावांना नकाराहून पुनरुक्तीचे दुःख अधिक झाले. पुनरुक्ती हा गद्याचा महारोग, असे ते मानीत; तो बरा करण्याची एकही संधी त्यांनी सोडली नव्हती. पुढील अनर्थ याच सद्गुणातून उद्भवला, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

आता अडचण अशी की, संदर्भ आणायचे होते ते विद्यापीठीय संग्रहांच्या संकेतस्थळांवरून, आणि देवबागेत माडांच्या दाटीमुळे पडवीत इंटरनेट येई ते भरतीच्या पाण्यासारखे: लहर लागली तर पायरीपर्यंत. सल्ल्यांना मात्र ओहोटी नव्हती. सुदेशचे म्हणणे, लॅपटॉप नहाणीच्या पत्र्यावर ठेवावा. त्याच्याकडे उतरलेला एक जर्मन पाहुणा तसेच करीत असे. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी नेणारा बाबली म्हणाला, "सर, खाडयेच्या तोंडार रेंज अशी येता की माणूस नको म्हणता. माझ्या होडयेत बसा. डॉल्फिन दिसले तर दिसले, नायतर तुमचा काम तरी होतला."

वामनरावांनी दोन्ही सल्ल्यांची तर्कशुद्ध चिकित्सा केली. नहाणीचा पत्रा विद्वत्तेला न शोभणारा, म्हणून त्यांनी होडी पत्करली. अशा रीतीने, शुभ्र धोतरावर नारिंगी लाइफ जॅकेट चढवून, मांडीवर लॅपटॉप घेतलेला एक विद्वान कोल्हापूरकडच्या एका कुटुंबाबरोबर संगमाकडे निघाला. त्या कुटुंबाने डॉल्फिनच्या आधी त्यांचाच फोटो काढला.

रेंज खरोखरच आली. वामनरावांनी संग्रहात 'रापण' हा शब्द मराठीत घातला, सावधगिरी म्हणून रोमन लिपीतही घातला, आणि हवे ते संदर्भ एकेक टिपून घ्यावे म्हणून बोट पुढे केले. नेमके त्याच क्षणी डॉल्फिनने पाठ दाखवली, कोल्हापूरकर एका अंगाला धावले, होडी कलली, आणि वामनरावांचे बोट 'सर्व निवड' या आज्ञेवर पडले. पुढचे 'आयात कर' त्यांनी तोल सावरताना दाबले असावे. याबाबत त्यांचे आणि बाबलीचे मतभेद अद्याप मिटलेले नाहीत.

घरी येऊन पाहतात, तर जाळ्यात सगळा समुद्र. रापण नावाच्या कोणा परदेशी शल्यविशारदाने गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर आयुष्यभर जे लिहिले, ते सारे शेकड्यांनी येऊन पडले होते. मराठी संदर्भही होते, पण त्यांची दशा पाहवत नव्हती. 'आणि इतर' हे शब्द यंत्राने कोणाचे तरी नाव व आडनाव समजून 'इतर, आ.' असे मांडले होते, आणि या इतर नामक गृहस्थाने भाताच्या वाणांपासून दशावतारापर्यंत एकही विषय सोडला नव्हता. सुदेश म्हणाला, सगळे पुसून टाका. परंतु ज्ञान न वाचता पुसणे हे वामनरावांच्या व्रतात बसत नव्हते. त्यांनी गुडघ्यांचे सारांश वाचायला घेतले. त्यांतला चढउताराचा एक व्यायाम त्यांच्या पत्नीने, सावित्रीबाईंनी, माजघराच्या उंबऱ्यावर करून पाहिला आणि आपल्याला उतार पडल्याचे जाहीर केले. या साऱ्या उपक्रमाचा निर्विवाद लाभ एवढाच.

पुढल्या दुरुस्तीसाठी दिव्याला फोन लागला. दिव्या ही सावित्रीबाईंच्या सख्ख्या भावाची, गणपत परबांची मुलगी. मुंबईला ग्रंथालयात नोकरीस. तिने फोनवरून शांतपणे गुडघे वगळून दिले, इतर यांना निवृत्त केले, आणि सूचीचा पहिला मसुदा पडद्यावर आला. वामनरावांनी सवयीप्रमाणे प्रथम स्वतःचे नाव पाहिले, आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. तेथे लिहिले होते: 'चिंदरकर, व.'

यंत्राला आद्याक्षर म्हणजे नुसते अक्षर हवे होते. मागची वेलांटी, काना, उकार ही त्याच्या लेखी अडगळ. 'वामन' यातील काना त्याने गिळला होता.

"दिव्या, 'व' म्हणजे 'आणि'," वामनराव कळवळून म्हणाले. "चिंदरकर आणि कोण? वाचणारा पुढच्या नावाची वाट पाहील."

"काका, ते आपोआप होतं. कोणी वाट बघत नाही."

"मी बघतो."

त्यांनी काना हाताने घातला. पण पुढे एका स्वल्पविरामाला हात लावताच यंत्राने सूची नव्याने मांडली आणि काना पुन्हा गडप. असे वारंवार झाले. शेवटी दिव्याने नावाच्या चौकटीत काहीशी युक्ती करून वामनरावांचा काना कायमचा जागेवर बसवला, आणि 'चिंदरकर, वा.' असे उमटलेले पाहून त्यांना आपल्यालाच कोणी दाद दिल्यासारखे वाटले. त्या समाधानात त्यांनी बाकीच्यांच्या काना-मात्रांकडे पाहिले नाही. शुद्धलेखनाला वाहून घेतलेल्या मनुष्याकडून हे घडले, याची नोंद येथे खेदपूर्वक करावी लागते.

आता परबांकडे वळले पाहिजे. गणपत परब हे वामनरावांचे मेहुणे. गुरुदास परब हे गणपतांचे चुलतभाऊ आणि वामनरावांचे कुंपणापलीकडचे शेजारी. देवबागच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत दोघांनीही रापणीवर लेख लिहिले होते. गुरुदासांच्या मते शब्द पोर्तुगीजांनी गोव्यातून आणला; गणपतांच्या मते तो संस्कृतातून चालत आला. वाद एवढाच असता तर विद्वत्तेची शोभा होती. परंतु दोन्ही लेखांना एकच शीर्षक होते, 'रापण: एक शोध', आणि शीर्षक कोणी कोणाचे चोरले, हे ठरेना. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. देवळातली पालखी खांद्यावर घ्यायची झाली तर एकाने पुढचा दांडा धरावा आणि दुसऱ्याने मागचा, असा अलिखित करार होता. वामनरावांनी निबंधात दोघांचाही उल्लेख नुसता 'परब' असा करून, कोणते परब ते कंसातल्या संदर्भावर सोपवून, समान मान दिला होता. आधी गुरुदासांचे मत, मग गणपतांनी केलेले खंडन, मग गुरुदासांचा प्रतिवाद, आणि शेवटी स्वतःचा निर्णय, जो दोघांनाही न दुखावता कोणालाच कळू नये अशा बेताने रचलेला होता. मेहुणा दुखावला तर घरात पेज थंड मिळणार. शेजारी दुखावला तर कुंपणावरून येणारी ताजी मासळी बंद होणार. हा तोल वामनरावांनी वर्षानुवर्षे सांभाळला होता, आणि चर्चासत्राला जातीने येण्याचा मनोदय दोघांनीही त्यांना स्वतंत्रपणे कळवला होता.

निबंध पाठवण्याच्या सकाळी पडद्यावर एक चौकट आली: 'दुबार नोंदी सापडल्या. विलीन कर?'

दुबार! वामनरावांच्या अंगातून एक सात्त्विक लहर गेली. एकच गोष्ट सूचीत पुनःपुन्हा यावी, हे त्यांच्या नावाखाली होणे नव्हते. त्या यंत्राने प्रथमच शहाणपणाची भाषा केली, असे वाटून त्यांनी 'सर्व विलीन कर' दाबले, दिव्याने सांगितल्याप्रमाणे सूची एकवार ताजी केली, आणि फाइल रवाना केली. तेच शीर्षक, तीच स्मरणिका, तेच साल, आडनाव परब, आद्याक्षर ग. गुरुदासांचा उकार यंत्राने आधीच खाल्ला होता. त्याच्या दृष्टीने हा एकच मनुष्य चुकून दोनदा आला होता, आणि निबंधातले सारे कंसही त्याने त्या एकाच्याच नावे केले.

संपादकांचे उत्तर आले: 'सूची विहित नमुन्यात आहे. निबंध स्वीकृत.' वामनरावांनी ते सावित्रीबाईंना मोठ्याने वाचून दाखवले आणि तिसरा चहा मागितला.

चर्चासत्राच्या दिवशी मालवणहून सिंधुदुर्गनगरीला जाणाऱ्या एसटीत गुरुदास चालकामागे बसले, गणपत शेवटच्या बाकावर, आणि मध्ये वामनराव व सावित्रीबाई. सभागृहात दाराशीच ग्रंथाच्या कच्च्या प्रती वाटल्या जात होत्या. दोन्ही परबांनी निबंध न उघडता थेट सूची उघडली. वामनराव लांबून पाहत होते. गुरुदासांच्या मुद्रेवर हळूहळू प्रकाश पसरला. गणपतांच्या मुद्रेवरही. तिथे एकच नोंद होती, 'परब, ग.', आणि दुसऱ्याचे नाव कोठेही नव्हते.

गुरुदासांनी येऊन वामनरावांचा हात दोन्ही हातांत घेतला व दाबला. ते गेल्यावर गणपत आले, खांद्यावर थोपटून हळूच म्हणाले, "भावजी, धाडस केलात." वामनरावांना हे आपल्या समतोलाचे कौतुक वाटले. त्यांनी विनयाने मान झुकवली.

निबंधवाचन उत्तम झाले. वाक्ये पल्लेदार होती, श्वास पुरला. अध्यक्षस्थानी डॉ. विनीता नावाच्या विदुषी होत्या. त्यांना गुळगुळीत बोलण्याची सवय नव्हती, आणि त्यांनी पुढ्यातली छापील प्रत शब्दशः वाचली होती. समारोपाला उठून त्या म्हणाल्या की, या निबंधात आपल्याला सर्वांत थोर वाटले ते चिंदरकर सर नव्हेत, तर ज्यांचा आधार त्यांनी घेतला ते परब. परब यांनी आधी एक मत मांडले. मग परब यांनीच ते सपशेल खोडून काढले. आणि पुढे त्या खंडनाचाही प्रतिवाद परब यांनीच केला. स्वतःच्या मतावर इतक्या निर्दयपणे तुटून पडणारा संशोधक आपल्या पाहण्यात नाही. हे परब सभागृहात असतील तर त्यांनी व्यासपीठावर यावे. आपल्याला मिळालेली शाल आणि श्रीफळ त्यांना अर्पण करण्यात आपल्याला धन्यता वाटेल.

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून गुरुदास उठले. शेवटच्या रांगेतून गणपत उठले. टाळ्या थांबल्या.

"तू बस," गणपत म्हणाले. इतक्या काळानंतर त्यांनी चुलतभावाला उद्देशून उच्चारलेले हे पहिले शब्द होते. "ग. म्हणजे गणपत."

"ग. म्हणजे गुरुदास. सगळ्या देवबागेक ठावक आसा."

"गुरुदासाक उकार लागता. तुझा आद्याक्षर काय होता ता भर सभेत सांगू?"

सांगण्याची गरज उरली नव्हती. श्रोत्यांनी ते मनातल्या मनात करून पाहिले होते, आणि हशा मागच्या रांगेकडून पुढे सरकत आला. शाळेत हजेरीच्या वहीत 'गु. परब' असे लिहिणाऱ्या एका गुरुजींमुळे गुरुदासांनी बालपणी काय सोसले होते, हे देवबागेत कोणी विसरलेले नव्हते. म्हणून तर ते जन्मभर नाव पूर्ण लिहीत.

येथे वामनराव गप्प बसते तर प्रसंग निभावला असता. परंतु भाषेवर अन्याय होत असता मौन धरणे त्यांना ठाऊक नव्हते. ते ध्वनिक्षेपकापाशी गेले आणि धीरगंभीर स्वरात त्यांनी खुलासा केला की, श्रोत्यांचा हशा व्याकरणदृष्ट्या निराधार आहे. ज्या पदार्थाची आठवण होऊन ते हसत आहेत त्याचा उकार दीर्घ आहे, आणि श्री. गुरुदास यांचा उकार ऱ्हस्व आहे. दोहोंत कोणताही संबंध नाही. सबब 'परब, गु.' हेच रूप शुद्ध, निष्कलंक आणि कोणाही सद्गृहस्थाने अभिमानाने मिरवावे असे आहे.

यानंतर सभागृहाला पाणी पिण्यासाठी वेळ द्यावा लागला.

हशा ओसरल्यावर गुरुदास शांतपणे बोलले. त्यांच्या हातात सूचीचे पान होते. "सर, माझो उकार गेलो, ठीक आसा. पण हयसर तुमचो कानो कसो ऱ्हवलो?"

वामनरावांनी पान हाती घेऊन आपला काना तपासला. तो निर्दोष होता.

"सूची कोणी केल्यान?" गुरुदासांनी पुढे विचारले.

"दिव्याने... मदत केली," वामनराव म्हणाले.

"म्हणजे ह्येच्या चेडवान." गुरुदासांनी गणपतांकडे बोट केले. "बापाक ठेवल्यान, काकाक पुसल्यान."

"माझ्या चेडवाचा नाव घेव नको," गणपत कडाडले. "तिणा काय केल्यान? तुझो उकार काय तिणा पदराक बांधून मुंबयक नेल्यान? ह्या भावजींचा काम. ह्यांका दोन माणसा दिसली की एक कमी करूची सवय."

"ता मात्र खरा," गुरुदास म्हणाले. "माझ्या मुलग्याच्या पत्रिकेतसून एक 'श्री' ह्यांनीच काढलल्यानी."

"माझ्या चेडवाच्या तर लाल शायेन."

आणि मग दोघे परब, व्यासपीठाच्या पायरीशी एकमेकांच्या शेजारी उभे राहून, वामनरावांनी आजवर कोणाकोणाची काय काय शुद्धी केली, याची उजळणी करू लागले. एकाने आठवण काढावी, दुसऱ्याने तीत भर घालावी. पाठ इतका अस्खलित होता की एवढा काळ त्यांच्यात बोलणे नव्हते यावर परक्याचा विश्वास बसला नसता.

डॉ. विनीतांनी टेबलावर बोटांनी ठोकले. संपादकांना विहित नमुन्याबद्दल काही सांगायचे होते, ते त्यांनी सांगू दिले नाही. आद्याक्षरे काढून टाकावीत, सूचीत सर्वांची नावे पूर्ण लिहावीत, लेखकाने ती स्वतःच्या हाताने लिहावीत, आणि मग निबंध छापावा, असे त्यांनी जाहीर केले. वामनरावांनी मेलमध्ये जे सप्रमाण मांडले होते, तेच नेमके त्यांच्या पदरात पडले. पण ते ज्या वाटेने पडले, त्यामुळे त्यांना त्याचा आनंद घेता येईना. वर्णानुक्रमाने 'गणपत' आधी येतो की 'गुरुदास', हा प्रश्न गुरुदासांनी उपस्थित करून पाहिला. त्यावर बाईंनी शाल गुरुदासांच्या खांद्यावर टाकली, नारळ गणपतांच्या हातात दिला आणि पुढच्या वक्त्याला बोलावले. ज्याच्या परसात माड वाऱ्यावर नारळ टाकतात त्याला नारळ मिळाला, आणि ज्याला डिसेंबरातही घाम येतो त्याला शाल. रापण हा शब्द कोठून आला, हे सबंध दिवसात कोणी विचारले नाही. हे शल्य वामनरावांना सर्वांत खोल लागले.

परतीच्या एसटीत दोन्ही परब एका बाकावर बसले होते. त्यांचा विषय संपलेला नव्हता. पुढच्या बाकावर वामनराव सावित्रीबाईंना समजावून सांगत होते की, वस्तुतः दोष त्यांचा नव्हे. यंत्राने आद्याक्षराची व्याख्या चुकीची घेतली, चुकीच्या व्याख्येवरून अभेद कल्पिला, कल्पित अभेदावरून विलीनीकरण सुचवले, आणि पुनरुक्तीविषयी तिटकारा असलेला कोणताही सुबुद्ध मनुष्य त्या ठिकाणी तेच करता. वाक्य लांब होते. महामार्ग मागे पडला तरी क्रियापद पुढेच होते. सावित्रीबाई गुडघे हळूहळू हलवीत ते ऐकून घेत होत्या. वाक्य संपले, तेव्हा त्यांनी मागे वळून बाकावरच्या दोघांकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले.

"माझे भाव दोन आसत," त्या म्हणाल्या. "ह्या कळूक कम्प्युटर कित्याक होयो होतो?"